खोकल्याचे पेशंट

आमच्या शेजारच्या काकूंना मी नेमकं काय शिकले हे अजून समजलेलं नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. एमबीबीएसनंतर पुण्याच्या एका हॉस्पिटलात तीन वर्षं रेसिडेन्सी करून मी फॅमिली मेडिसिनची परीक्षा पास झाले आणि पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "मग आता कशाची स्पेशालिस्ट म्हणायचं तुला?"

"फॅमिली मेडिसिनची, काकू."

"म्हणजे हृदय, किडनी असं काही नाही?"

"सगळंच असतं. लहान मुलं, म्हातारी माणसं, बायकांचे आजार, ताप, बीपी, शुगर..."

काकू जरा वेळ पेढा चघळत राहिल्या. मग हळहळून म्हणाल्या, "अगं, पण ते तर तुला आधीच येत होतं ना?"

बाबांनाही तेच वाटत होतं, फक्त ते बोलून दाखवत नव्हते. बाबांची सगळी नोकरी देहूरोडच्या लष्करी डेपोत गेली. तिथे माणसाला ग्रेड असते, ट्रेड टेस्ट असते, ती पास झाली की वरची ग्रेड मिळते. डॉक्टर असलेली मुलगी तीन वर्षं राबते, परीक्षा देते आणि पुन्हा डॉक्टरच होते, हे त्यांच्या कुठल्याच कोष्टकात बसत नव्हतं. ओळखीपाळखीत कोणी विचारलं की ते म्हणायचे, "सध्या फॅमिलीत आहे. पुढचं बघतोय आम्ही." ऐकणाऱ्याला वाटायचं, मी संसारात पडले.

रेसिडेन्सीत फॅमिली मेडिसिनवाले म्हणजे सगळ्या खात्यांचे पाहुणे. काही महिने मेडिसिनला, काही महिने मुलांच्या वॉर्डात, मग बाळंतपणं, मग अपघात विभाग. जिथे जावं तिथले लोक आधी आपलं नाव विसरत, मग आपल्याकडून जखमा धुऊन घेत आणि निरोपाच्या दिवशी खांद्यावर हात ठेवून सांगत, "हुशार आहेस, अशी वाया जाऊ नकोस. आमच्याकडे फेलोशिप कर." त्वचावाले म्हणाले, त्वचा कर, रात्रीबेरात्री कोणी उठवत नाही. भूलवाले म्हणाले, दुखण्याची फेलोशिप कर, या देशात गुडघे कमी पडणार नाहीत. एरवी ही खाती एकमेकांचं तोंड बघत नसत, पण मी वाया जाणार याबाबत त्यांच्यात संपूर्ण एकमत होतं.

आमच्या बॅचच्या ग्रुपवर तर रोज कोणाची ना कोणाची निवड होत होती. एकाने वृद्धांच्या आजारांची फेलोशिप केली, मग झोपेच्या आजारांची, मग प्रवासात होणाऱ्या आजारांची. त्याच्या लेटरहेडवर पदव्या दुसऱ्या ओळीत उतरल्या. तो पेशंट कधी बघतो, हे विचारायची आमची कोणाची हिंमत नव्हती.

मी चेष्टा करतेय, पण मलाही जायचं होतं. सगळं थोडं थोडं येतं म्हणजे धड काहीच येत नाही, अशी भीती मला रेसिडेन्सीभर पोखरत होती. एक तरी गोष्ट अशी असावी की तिच्याबद्दल कोणी प्रश्न विचारला तर मला पुस्तक उघडावं लागू नये. म्हणून मी दक्षिणेतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मधुमेहाच्या फेलोशिपसाठी अर्ज केला, मुलाखत दिली आणि निवड झाली. वर्षभर तिकडे राहायचं. बाबांना त्या दिवशी इतका आनंद झाला की मी पास झाले तेव्हा त्यांना किती कमी झाला होता, हे मला आत्ता कळलं.

अडचण एकच होती, आणि ती कामशेतला एका गाळ्याच्या वरच्या मजल्यावर बसलेली होती.

तिथे सरांचा दवाखाना होता. सर म्हणजे मी लहानपणी ज्यांच्याकडून सुया टोचून घेतल्या ते डॉक्टर. आता त्यांचे डोळे दमले होते, हात थरथरायला लागला होता आणि नाशिकला मुलीकडे जायचं त्यांनी पक्कं केलं होतं. निकालानंतर मी त्यांच्या हाताखाली बसायला लागले होते. ते एकदा सरळच म्हणाले, "तू बसणार असशील तर दवाखाना तुझा. नसशील तर मी बंद करतो. वर्षभर वाट बघायची ताकद माझ्यात नाही, आणि गाळ्याच्या मालकाला इथे लोणावळ्याच्या पर्यटकांसाठी कॅफे काढायचाय."

म्हणजे एक तर फेलोशिप, नाही तर दवाखाना. फेलोशिपला मला पुढच्या महिन्यातल्या एका सोमवारी हजर व्हायचं होतं. सर माझ्या उत्तरासाठी थांबले होते.

सरांची एक पद्धत होती, तिला मी पहिले काही दिवस मनातल्या मनात खूप हसले. टाकवे बुद्रुक, वडिवळे, नाणे, आजूबाजूच्या सगळ्या गावांतली माणसं जिपड्याने येऊन बाहेरच्या बाकावर बसलेली असत. सर दार उघडत, गावाच्या नावाने हाक मारत, "वडिवळे, या," आणि पेशंट उठून आत येईपर्यंत, दार सताड उघडं ठेवून, मोठ्याने विचारत, "काय, खोकला कसा आहे?" पेशंट म्हणायचा, "हाय तसाच, डॉक्टर." मग दार बंद. मग आत खरं काय ते निघायचं. कोणाचं अंगावरून जात असायचं, कोणाला मूल होत नसायचं, कोणाची दारू सुटत नसायची, कोणाची शुगर. बाहेर बाकावर मात्र सगळ्या तालुक्याला खोकला. गावातलं सगळं बाकावर बसून कळतं आणि त्यावरून सोयरिकी जुळतात नि मोडतात, हे सरांना पक्कं माहीत होतं. मला वाटायचं, हे काय जुन्या जमान्यातलं! हॉस्पिटलात आम्ही गोपनीयतेवर अख्खं व्याख्यान ऐकलं होतं, खोकल्याचा त्यात उल्लेख नव्हता.

शनिवार-रविवारी वेगळी गर्दी असायची. लोणावळ्याच्या बंगल्यांतली मंडळी डॉक्टर शोधत खाली यायची. एका बाईंच्या मुलाला डास चावला होता. माझी पदवी वाचून त्यांनी विचारलं, "इथे इन्फेक्शनचे कोणी स्पेशालिस्ट नाहीत का?" मी म्हटलं, डासाचे आहेत, पण ते सोमवारी बसतात. सरांनी नंतर मला झापलं. पण खरं सांगते, त्या दिवशी मी घरी जाऊन फेलोशिपचं रेल्वे तिकीट काढलं.

तिकीट काढलंय हे कळताच बाबांनी पुढचं पाऊल उचललं. आमच्याकडे कोणाचीही कशालाही निवड झाली की फ्लेक्स लागतो. सोसायटीच्या संचालकपदी निवड, क्रिकेटच्या संघात निवड, पोलीस भरतीत निवड. निवड नसेल तर वाढदिवस. बाबांनी डेपोतले निवृत्त मित्र गोळा केले, माझा पांढऱ्या कोटातला फोटो शोधला आणि मला काही न सांगता फ्लेक्सवाल्याकडे गेले. फ्लेक्सवाला व्यवहारी माणूस. तो म्हणाला, "काका, फेलोशिप कोणाला कळणार? शुगर टाका." त्यामुळे फ्लेक्सवर ठसठशीत अक्षरांत असं आलं: शुगर स्पेशालिस्टपदी निवड झाल्याबद्दल आपल्या डॉक्टर मॅडमचे हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुक म्हणून बाबा आणि त्यांचे मित्र, सगळे काळे चष्मे लावून.

फ्लेक्स चौकात लागायचा होता, पण तिथे एका युवा नेत्याचा वाढदिवस चालू होता आणि तो संपायची चिन्हं नव्हती. म्हणून बाबांनी तो थेट दवाखान्याच्या जिन्यावर लावला. मला दाखवताना त्यांनी रुमालाने फ्लेक्सवरची धूळ पुसली. मी उतरवा म्हणू शकले नाही. वाटलं, राहू दे, मी जाईपर्यंतचाच प्रश्न आहे.

दुसऱ्या आठवड्यापासून बाक रिकामा पडायला लागला. आधी मला वाटलं, लग्नसराई आहे, लोक कामात असतील. मग बाजारात एक ओळखीची मावशी भेटली, तापाने फणफणलेली. "मावशी, दवाखान्यात का नाही आलात?" तर म्हणाली, "आता तुमी शुगरच्या मोठ्या डॉक्टर झाल्या. आमी साध्या तापाला तुमच्याकडं कुटं यायचं? बरं दिसतं का ते?" तापाचे गेले, खोकल्याचे गेले, पोटदुखीचे गेले. मला वाटलं, निदान शुगरचे तरी येतील. तेही येईनात. कारण आता जो जिना चढेल त्याला शुगर आहे हे खालच्या पानवाल्यापासून सगळ्यांना कळणार होतं. सर दार उघडून "खोकला कसा आहे?" विचारायला उभे राहत, आणि बाकावर फक्त औषध कंपनीचा प्रतिनिधी बसलेला असे. तो मला म्हणायचा, "मॅडम, डायबिटीस बेस्ट आहे, पेशंट आयुष्यभराचा." मी रिकाम्या बाकाकडे बोट दाखवायची.

आणि मग एके दिवशी टाकव्याची एक बाई जिना दणदणवत वर आली. तिला मी ओळखत होते. तिची मुलगी चार दिवसांपूर्वी माझ्याकडे येऊन गेली होती. कशासाठी, ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, आजही सांगणार नाही.

"काय केलं ओ तुमी हे!" तिने पदर खोचला. "माझ्या पोरीची सोयरीक वडिवळ्याला ठरलीया. नवरदेवाच्या मामानं तिला तुमच्या जिन्यावरून उतरताना बघितली. आता मामा म्हनतो पोरीला शुगर हाय, सोयरीक मोडा. आज दुपारी बैठक हाय. तुमी चला आनि न्हाई म्हनून सांगा."

"मावशी, मला पेशंटचं काही सांगता येत नाही."

"हाय म्हनू नका. न्हाई म्हना. न्हाई म्हनायला काय जातंय?"

तिला समजावताना माझ्या नाकी नऊ आले. आज हिच्या मुलीला शुगर नाही असं मी बैठकीत सांगितलं, तर उद्या जिच्याबद्दल मी गप्प बसेन तिला आहे असंच होणार. बाईला हे पटलं, पण तिचा इलाज चालत नव्हता. ती बाकावर बसून रडायला लागली. सरांनी मला नुसतं मानेने खुणावलं, जा म्हणून; निदान दवाखाना नुसता शुगरचा नाही, एवढं तरी सांगता येईल. खाली बाबा नेमके फ्लेक्सची सुटलेली दोरी बांधत होते. सगळं ऐकून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "फ्लेक्स मी लावला," ते म्हणाले. "ही नुसती निवड आहे, अजून जॉइनिंग झालेलं नाही, हे मी त्यांना नीट समजावून सांगतो." मी त्यांना गाडीत बसू दिलं.

वडिवळ्याला नवरदेवाच्या घरी पडवीत पंधरा-वीस माणसं बसली होती. मधे मामा, पांढरा शुभ्र शर्ट. बाजूला खाटेवर नवरदेवाचे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत होते. बाबांनी उभं राहून डेपोतल्या भाषेत खुलासा केला की निवड आणि नेमणूक यांत फरक असतो, आणि आपली मुलगी आजच्या तारखेला कायद्याने शुगरची डॉक्टर नाही. मामाने शांतपणे ऐकून घेतलं.

"व्हय, पर दवाखाना शुगरचा हाय का न्हाई? फोटू हाय, लिवलंय. मंग तितं पोरगी कशाला गेलती?"

"दवाखान्यात सगळेच आजार बघतो. ती कशाला आली ते मी सांगणार नाही," मी म्हटलं. "तुमच्या घरातलं कोणी आलं असतं तर त्याचंही सांगितलं नसतं."

"बघा," मामा सगळ्यांकडे वळून म्हणाला, "कायतरी हाय म्हनूनच सांगत न्हाईत. आमच्या घरात असलं काय चालत न्हाई. आमच्यात शुगर कुनाला नव्हती आनि न्हाई."

मी तेव्हा आबांकडे बघत होते. वैशाखातला उकाडा, पडवीत पत्रा तापलेला, आणि त्यांनी पायांवर घोंगडी घेतली होती. मला ते खटकलं होतं, पण चारचौघांत विचारता येत नव्हतं. त्यांनी माझी नजर घोंगडीवर थांबलेली पाहिली आणि मान खाली घातली.

मुलीची आई उठली. "चला," ती म्हणाली, "पोर माझी जड झाली न्हाई मला." मला त्या मामाची चीड आली होती, आणि बाबांची त्याहून जास्त, आणि बाबा असे अवघडून उभे होते की ती चीड कुठे ठेवावी हे समजत नव्हतं.

"बसा, विहीणबाई," आबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. आबा मामाकडे बघत होते.

"शुगर हाय आमच्या घरात. मला हाय. पोरगं रांगत हुतं तवापास्नं हाय. जुने डॉक्टर मला खोकल्याचा पेशंट म्हनायचे, त्यांनी कुनाला कळू दिलं न्हाई आनि मी बी सांगितलं न्हाई. तुला बी न्हाई आनि तुज्या बहिनीला बी न्हाई." मग ते मुलीच्या आईला म्हणाले, "आता तुमी ठरवा, असल्या घरात पोरगी द्यायची का न्हाई."

आतल्या दारात नवरदेवाची आई उभी होती, तिने पदर तोंडाला लावला. मामाच्या शर्टाची कडक इस्त्री तशीच होती, पण आत माणूस बसल्यासारखा वाटत नव्हता. मुलीच्या आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "आमाला चालतंय." वर म्हणाली, "पर नवरदेवाची बी तपासनी करून घ्या."

लोक हसले. त्या हसण्यात मी आबांच्या खाटेशी जाऊन बसले आणि विचारलं, "बघू का?" त्यांनी स्वतःच घोंगडी बाजूला केली.

उजव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम होती. कडा काळपट पडलेल्या, आत ओल, वास यायला लागलेला. वर हळद थापलेली. मी बोटाने जखमेच्या बाजूला दाबलं. "कळतंय का?"

"काय?" आबा म्हणाले.

काटा मोडला होता, बाभळीचा. बांधावर. कधी, विचारलं तर म्हणाले, तुमचा तो फोटो लागला त्याच सुमाराला. गोळ्याही तेव्हाच संपल्या होत्या.

"मग आला का नाहीत, आबा?"

"कसं येनार? वर तुमचा फोटू, खाली शुगर लिवलेलं. जिन्यात पाय टाकला की पोराचं लगीन मोडलं असतं."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. ज्या फेलोशिपला मी जाणार होते तिच्या अभ्यासक्रमात मधुमेहाच्या पायाचा मोठा भाग होता. मी तो पुन्हा पुन्हा वाचला होता, मला सगळ्यात उत्सुकता त्याचीच होती. असाच पाय तिकडे चांगल्या उजेडात, चांगल्या खुर्चीवर ठेवून मला कोणीतरी शिकवणार होतं. आणि हा पाय, तिथे मी निवडली गेले म्हणून, इथे घोंगडीखाली सडत होता.

मी डोळे पुसले आणि त्यांना खरं ते सांगितलं. उद्या सकाळी पुण्याला सर्जनकडे जायचं, मी बरोबर येते. हाडापर्यंत गेलंय का, रक्त पोचतंय का, ते बघावं लागेल. अंगठा राहील की जाईल, हे मला आज सांगता येत नाही.

"आनि तितनं आल्यावर?"

"रोज जखम धुवायची. रोज ड्रेसिंग."

"रोज कोन करनार?" आबांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता, ते खरंच विचारत होते. "म्हातारे डॉक्टर चालले. तुमी बी येत्या सोमवारी चालला म्हनं."

गेले कित्येक दिवस मी या प्रश्नाचे फायदे-तोटे मांडत होते, मैत्रिणींना फोन करत होते, ग्रुपवर विचारत होते.

"मी करीन," मी म्हणाले.

"किती दिस?"

"भरेपर्यंत. महिने लागतील. वर्षही लागेल कदाचित."

बाबा माझ्या मागेच उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे सोमवारचं..."

"नाही, बाबा."

मला वाटलं, बाहेर निघून जातील. मी आतून कोमट पाणी आणि स्वच्छ कापड मागवलं आणि पायाची हळद काढायला वाकले. पडवीच्या त्या कोपऱ्यात अंधार होता, काळं कुठे संपतं आणि कातडी कुठे सुरू होते ते मला दिसत नव्हतं. इतक्यात जखमेवर उजेड पडला. बाबा माझ्या शेजारी जमिनीवर गुडघे टेकून बसले होते, मोबाईलचा टॉर्च दोन्ही हातांनी धरून.

"अजून जवळ धरा," मी म्हटलं, आणि त्यांनी धरला.